एकदाही पडायचं नाही

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. डोंगरावरून आल्यावर आम्ही ओले हातमोजे खोलीतल्या गरम रेडिएटरवर टाकतो, तसे ते एकावर एक पडून राहतात. एक उचलायला जावं तर खालचे दोन हातात येतात. आमच्या चौघांचे असे किती साठलेत ते मी बघितलेलं नाही. पण त्यातले बरेचसे एकाच दिवसाचे आहेत, म्हणून त्या दिवसाचेच सांगतो.

चौघं म्हणजे कोण ते आधी सांगायला हवं. मी महादेव. माझा दोस्त दिनकर. आम्ही दोघं इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सजवळच्या एका पावाच्या फॅक्टरीत सत्तावीस वर्षं एकाच फिरत्या पट्ट्यापाशी उभे होतो. तो वाकडे पाव बाजूला काढायचा, मी ट्रे उचलायचो. तिसरा दिनकरचा मुलगा मंदार. जन्म इथला, चाळिशी उलटलेली, ब्रॅकनेलला आयटीत आहे. चौथ्या विद्याताई, कार्डिफच्या. हॉस्पिटलात नर्स होत्या, आता रिटायर. दिनकरच्या बायकोची, मालतीची मैत्रीण. मालती जाऊन सात वर्षं झाली, पण विद्याताई दर वर्षी आमच्याबरोबर येतात.

कुठे? तर स्कीइंगला. हसा खुशाल. आम्हीपण हसलो होतो.

*

याला कारण मिल्टन कीन्स. आमच्या गावात छपराखाली बर्फाचा उतार आहे. बाहेर ऊन असो नाहीतर पाऊस, आत बर्फ. मालती गेल्यावर मंदार एका रविवारी बापाला तिथे घेऊन गेला, घरात बसून राहतो म्हणून. दिनकरने मला ओढलं.

शिकवणारी मुलगी म्हणाली, "गुडघे वाकवा."

दिनकर लहानपणापासून उकिडवा बसणारा माणूस. बस स्टॉपवर बाक रिकामा असला तरी हा खाली उकिडवा. त्याने गुडघे वाकवले ते पार टाचांपर्यंत. आणि तसाच, हात गुडघ्यांवर ठेवून, चुलीपुढे बसल्यासारखा, वरून खालपर्यंत सुळकन आला. वाटेत एक वळणसुद्धा घेतलं.

त्या मुलीने मान हलवली. "मी इतकं म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

"मग आधी सांगायचं किती ते," दिनकर मराठीत मला म्हणाला, आणि तसाच बसून राहिला, कारण तिथे त्याला आराम वाटत होता.

मी मात्र पहिल्या दिवसापासून हळू. स्की पुढून जुळवायच्या, मागून फाकवायच्या, आणि मुंगीच्या पावलांनी यायचं. माझ्या मागून निघालेले लोक खाली जातात, कॉफी पितात, परत वर येतात, तेव्हा मी अर्ध्यात असतो. पण एक फायदा आहे. सगळे माझ्या पुढे असतात, त्यामुळे कुणाचं काय होतं ते सगळं मला दिसतं.

*

मागच्या वर्षी दिनकर पडला आणि त्याचं मनगट मोडलं. मग हॉस्पिटलात हाडांचा स्कॅन झाला, आणि हाडं ठिसूळ झालीत असं कळलं. या वर्षी आम्ही पाडव्याच्या आदल्या दिवशी स्कॉटलंडला निघालो, तेव्हा मोटरवेवर गाडी चालवता चालवता मंदारने विषय काढला.

"बाबा, मी एकदम क्लिअर सांगतो. उद्या एकदा पण पडलात ना, तर दॅट्स इट. स्की, बूट, हेल्मेट, सगळी चॅरिटी शॉपला."

"सगळं," दिनकर म्हणाला.

"हो, सगळं."

"नाही, तू सगळी म्हणालास. एकदा पण?"

"एकदा पण. मी बघत राहणार आहे."

दिनकर खिडकीतून बाहेर बघत बसला. दोन सर्व्हिस स्टेशनं गेली. विद्याताईंनी चिवडा पुढे केला, तो घेतला नाही. मग म्हणाला, "बूट तरी ठेव. बागेत घालीन."

मंदार हसला नाही. आपल्या बापाच्या हाडाचा फोटो त्याने बघितला होता.

*

सकाळी पाडवा. विद्याताई म्हणाल्या, गुढी उभारल्याशिवाय कुणी बर्फावर पाय ठेवायचा नाही.

त्यांनी कार्डिफहून खण आणला होता, साखरेच्या गाठी आणल्या होत्या, इंडियन दुकानातला कडुनिंबाचा सुका पाला आणला होता. विसरल्या ती फक्त काठी. गाडीच्या मागे मंदारची एक जुनी स्कीची काठी पडली होती. तिला खण बांधला, गाठी घातल्या, वर तांब्या म्हणून थर्मासचं स्टीलचं झाकण उपडं ठेवलं. गुढी झाली माझ्या छातीपर्यंत. कार पार्कच्या कडेला, जिथून बर्फ सुरू होतो तिथे ती रोवली, नमस्कार केला आणि बूट आवळायला बसलो.

आता डोंगरावर जिथे दगड वर आलेला असतो किंवा बर्फ पातळ असतो तिथे लोक काठी रोवून ठेवतात. आम्हाला ते सुचलंच नाही. वरून येणारे सगळे आमची गुढी बघून लांबून वळायला लागले. अर्ध्या तासात तिच्या दोन्ही बाजूंनी वाट पडली. मग रिसॉर्टचा एक तांबड्या दाढीचा माणूस आला. या डोंगरावर दिवसभर तोच आमच्या नशिबी होता.

"ही बाजू कुणी बंद केली?"

विद्याताईंनी सांगितलं, आमचं नवीन वर्ष आहे, ही गुढी आहे, संध्याकाळी उतरवू.

त्याने गुढीकडे वरून खालपर्यंत बघितलं. झाकणाकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग गेला, आणि दोन काठ्या नि एक दोरी घेऊन आला, आणि गुढीभोवती व्यवस्थित कुंपण घातलं.

"हॅपी न्यू इयर," म्हणाला. "आता कुणी धडकणार नाही."

*

वारा होता. विद्याताईंनी पिशवीतून चार कानटोप्या काढल्या, स्वतः विणलेल्या.

"आंटी, हेल्मेट आहे ना," मंदार म्हणाला.

"हेल्मेट डोक्याला. कानांचं काय?"

कानटोपीवर हेल्मेट बसेना. मंदारचं हेल्मेट टाळूवर टेकलं होतं, नारळाच्या करवंटीसारखं. पण काढून ठेवायची त्याची हिंमत झाली नाही. चाळीस माणसांचा तो मॅनेजर आहे.

याचा परिणाम असा झाला की दिवसभर कुणाला काही ऐकू आलं नाही. मंदार मागून ओरडायचा, "बाबा, लेफ्ट, लेफ्ट." दिनकर हात वर करून म्हणायचा, "हो, मस्त आहे," आणि उजवीकडे जायचा.

*

वर जायला टी-बार होता. म्हणजे वर फिरणाऱ्या दोरीला एक आडवी दांडी लटकलेली असते. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, दांडी मागे टेकवायची, ती आपल्याला ओढत वर नेते. तिच्यावर बसायचं नसतं. बसलं की ती खाली येते आणि आपणही.

मंदार एकटा पुढे गेला. मग दिनकर आणि विद्याताई.

"या, तुम्ही आत या," दिनकर म्हणाला.

"छे, तुम्ही आधी."

"अहो, तुम्ही बाईमाणूस. या."

"तुमचं मनगट आहे, तुम्ही उभे राहा नीट, मग मी येते."

तेवढ्यात एक दांडी रिकामी गेली. मग दुसरी. तिसरी आली तेव्हा दोघंही मागे सरले आणि एकमेकांना हाताने वाट दाखवू लागले. मागे तीस माणसांची रांग. स्कॉटिश माणसं, कुणी हूं का चूं करेना. शेवटी तो तांबड्या दाढीचा माणूसच तिथे होता, तो म्हणाला, "कुणीतरी जा, प्लीज. कुणीही."

दोघं एकदम घुसले. दांडी लागली आणि विद्याताई सवयीने बसल्या. खुर्ची दिली की बसायचं, तसं. गेल्या खाली. दिनकरने दांडीला दोन्ही हातांनी मिठी मारली, खांबाला मारावी तशी, आणि तो एकटाच वर निघाला. जाता जाता मान मागे वळवून विद्याताईंना सांगत होता,

"विद्याताई, माफ करा. मला आज पडायची परवानगी नाही."

मागची रांग त्यांना उचलायला धावली. त्या बर्फ झटकत म्हणाल्या, "जा तुम्ही, जा. मी येते."

वरून मंदार बघत होता. बाप दांडीला लोंबकळत, तोंड मागे करून, पण स्कीवर उभा होता.

*

सकाळचा बर्फ काचेसारखा. रात्री गोठलेला, त्यावरून स्की गेली की खर्रर्र आवाज. अकराला ऊन आलं आणि वरचा थर सुटा झाला, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. दाणा न् दाणा वेगळा. हा उत्तम बर्फ. पण तो तासभरच टिकतो. दुपारी त्याचा लगदा होतो. आणि मध्ये मध्ये डोंगराची काळी पाठ वर आलेली, वाळकं गवत, झुडपं. एप्रिल जवळ आला की डोंगर असा ठिगळाठिगळांचा होतो.

दिनकर त्या साबुदाण्याच्या तासात सुंदर आला. मी मागून बघत होतो. खांदे सैल, हळूहळू डावं-उजवं. फॅक्टरीत तो पट्ट्यापाशी असाच डुलत उभा असायचा.

मंदारची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. बापाच्या स्कीकडे बघत बघत तो बर्फ अडवायला घातलेल्या एका लाकडी कुंपणात गेला. दुसऱ्यांदा एका बाईंच्या पायांत गेला. तिसऱ्यांदा काही नव्हतंच, सपाट होतं, तिथे आडवा झाला. चौथ्या वेळी दिनकरच त्याच्यापाशी थांबला.

"लागलं का रे?"

"नाही. तुम्ही बघून चला."

"मी बघूनच चाललोय. तू माझ्याकडे बघून चाललायस."

*

जेवणाला पुरणपोळी आणि श्रीखंड. कॅफेत बाहेरचं खायला देत नाहीत, म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. श्रीखंडाचा डबा विद्याताईंनी सकाळीच बर्फात पुरून ठेवला होता, गार राहावं म्हणून. खूण म्हणून एक हातमोजा वर ठेवला होता. हातमोजा वाऱ्याने गेला होता.

"या बाकाच्या जवळच," त्या म्हणाल्या. "की त्या बाकाच्या?"

मग आम्ही चौघं एका ओळीत उभे राहिलो, आणि एकेक पाऊल पुढे जात स्कीच्या काठ्या बर्फात खुपसू लागलो. खुपस, काढ, पुढे. खुपस, काढ, पुढे. कुणी बोलत नव्हतं, सगळे मन लावून शोधत होते.

थोड्या वेळाने तांबडी दाढी पळत आली. त्याच्यामागे आणखी एक, पाठीवर फावडं. दोघांचे चेहरे पांढरे.

"कोण गाडलं गेलंय? किती वेळ झाला?"

मला तेव्हा कळलं की बर्फाखाली माणूस गाडला गेला की त्याला अगदी असंच शोधतात.

विद्याताई आयुष्यात खोटं बोललेल्या नाहीत. "आमचं गोड," त्या म्हणाल्या. "सकाळी साडेआठपासून."

मग फावडंवाल्याने गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतला. दाढीवाल्याने विचारलं, "डबा केवढा?" विद्याताईंनी हाताने दाखवला. त्याने आपली घडीची लांब बारीक काठी जोडली, चार पावलं गेला, दुसऱ्यांदा टोचल्यावर थांबला आणि म्हणाला, "इथे."

झाकण उघडून पहिला चमचा त्यालाच दिला. दुसरा त्याने मागितला.

*

तीनला वरची लिफ्ट बंद होणार होती. वारा वाढला होता. मंदार म्हणाला, बास, आज इतकंच. दिनकर म्हणाला, "वरून एकदा. सगळ्यात वरून. ते केलं नाही तर न पडल्याला काय अर्थ?"

"आता खाली स्लश आहे, बाबा, नुसता लगदा. पडाल."

"पडलो तर तू आहेसच."

मंदारने ओठ आवळले. "मी बॉटमला थांबतो," म्हणाला, आणि गेला. विद्याताई त्याच्यासोबत गेल्या. पडल्याने त्यांची कंबर दुखत होती.

टी-बारवर माझ्या शेजारी दिनकर. आम्ही तू आधी, मी आधी करत नाही. वर जायला सात-आठ मिनिटं लागतात. अर्ध्यात आल्यावर तो बोलला.

"महादू, हे मी सोडलं तर काय होईल माहितीय?"

"हाडं नीट राहतील."

"ती राहतील. मालती होती तेव्हा मंदारचा फोन तिला यायचा. मला नुसतं कसे आहात. ती गेल्यावर दर रविवारी फोन करायचा तो, पण दोन मिनिटांत संपायचा. औषध घेतलं? घेतलं. हीटिंग चालू आहे? आहे. बाय." त्याने नाक पुसलं. "आता तो ऑक्टोबरपासून फोन करतो. वर बर्फ पडला का, बूट बदलू का, स्कीला कुठलं वॅक्स लावू. तासभर बोलतो. मला वॅक्समधलं काही कळत नाही. मी नुसतं विचारत राहतो."

"त्याला सांग मग."

"काय सांगू? माझ्याशी बोल म्हणून?"

दांडी वर पोचली, आम्ही सुटलो.

*

वरून खालचं कॅफे काडेपेटीएवढं दिसत होतं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी. वरचा भाग सावलीत गेला होता, म्हणजे पुन्हा काच. त्याखाली लगदा. काचेवरून लगद्यात गेलं की स्की एकदम धरली जाते आणि माणूस पुढे फेकला जातो. मागच्या वर्षी त्याचं मनगट तसंच मोडलं होतं.

"तू हो पुढे," मी म्हटलं. "मी येतो माझ्या गतीने."

काच तो आडवा आडवा उतरला. स्की तिरक्या, काठी रोवून, थांबून, परत. मी मागून, त्याहून हळू. जिथे लगदा सुरू होत होता तिथे तो थांबला. बराच वेळ थांबला. मला वाटलं, परत फिरतोय की काय. मग त्याने पाठ सैल सोडली आणि आत गेला.

स्की धरली गेली. तो पुढे झुकला, एक काठी हातातून सुटली, एक पाय हवेत गेला. मी देवाचं नाव घेतलं. तो तसाच एका पायावर दहा-बारा हात गेला, बगळ्यासारखा, आणि पाय पुन्हा खाली आला.

पुढे दोन काळ्या ठिगळांच्या मधून बर्फाची पट्टी होती, दाराएवढी रुंद. तिच्या मध्यभागी एक स्नोबोर्डवाला बसून फोन बघत होता. दिनकर त्याच्या डोक्यावरून काठी फिरवत गेला, "सॉरी, सॉरी, सॉरी" म्हणत. त्याने मान वर केली तेव्हा दिनकर खाली पोचलासुद्धा होता.

मंदार खाली फोन धरून उभा होता. शूट करत होता की काय कोण जाणे. दिनकर त्याच्यासमोर येऊन थांबला. नीट, दोन्ही स्कींवर. श्वास लागलेला, एकच काठी, कानटोपी एका डोळ्यावर.

विद्याताई बाजूला उभ्या होत्या. मी अजून पन्नासेक पावलं वर होतो, पण कानटोपी कानांवरून वर केली होती, वारा माझ्याकडे होता आणि मला सगळं ऐकू येत होतं.

मंदारने फोन खिशात ठेवला. हेल्मेट काढलं, कानटोपी काढली. केस उभे राहिले होते.

"बाबा," तो म्हणाला, "सकाळी घाईत राहून गेलं. पाडव्याचा नमस्कार."

आणि तो वाकला. पायांत स्की होत्या.

स्कीचे बूट घोट्यात वाकत नाहीत. मंदार कमरेतून वाकला, हात बापाच्या पायांपर्यंत पोचले, आणि त्याच्या स्की मागे निघून गेल्या. तो तसाच तोंडघशी पुढे आला, डोकं दिनकरच्या नडगीवर. दिनकर हळूच, एखादा पाव पट्ट्यावरून घरंगळावा तसा, बाजूला कलला आणि मुलाच्या पाठीवर आडवा झाला. मनगट छातीशी धरलेलं. बर्फ मऊ होता. काही लागलं नाही, हे विद्याताईंनी लगेच बघितलं, आणि मग त्या तोंडावर हात ठेवून पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

मी पोचलो तेव्हा दोघं तसेच होते. कुणीच उठायची घाई करत नव्हतं.

दिनकर आभाळाकडे बघत म्हणाला, "मंदार, हे पडण्यात धरायचं का रे?"

खालून, बर्फातून, मंदारचा आवाज आला. "आधी आशीर्वाद द्या."

दिनकरने ओला हातमोजा काढला, हात मागे नेऊन चाचपडत मुलाचं डोकं शोधलं, आणि त्यावर ठेवला.

"पुढल्या वर्षी," तो म्हणाला, "आधी स्की काढ, मग वाक."